शेवटच्या फेरीत आलेल्या विद्यार्थ्याचे स्वागत कोण करणार?

जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने देशातील विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्यासाठी नव्या चेहऱ्यांचे असतात. बारावीची परीक्षा, प्रवेश परीक्षा, गुणवत्ता यादी आणि प्रवेशाच्या फेऱ्या हे सारे टप्पे ओलांडून विद्यार्थी प्रथम वर्षाच्या वर्गात येऊन बसतो, तेव्हा घरच्यांच्या लेखी एक मोठे काम पार पडलेले असते. विद्यार्थ्याच्या लेखी मात्र ते तेव्हाच सुरू होते. नवे शहर, कानाला न सरावलेली भाषा, वसतिगृहाच्या खोलीतील अनोळखी सोबती, शिकवण्याची वेगळी गती आणि अडचण नेमकी कोणाला सांगावी याविषयीचे अज्ञान, हे सर्व त्याला एकाच वेळी सामोरे येते. त्याचे पाय या वातावरणात रोवले जाणार की नाही, हे बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांतच ठरते.

या आठवड्यांसाठी आपल्याकडे नियमांची वाण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी विनियम, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा २०१७ चा परिचय कार्यक्रम आणि आयोगाचा २०१९ चा ‘दीक्षारंभ’ या तिन्हींमध्ये नव्या विद्यार्थ्याला हात धरून आत आणण्याची तपशीलवार व्यवस्था सांगितलेली आहे. मात्र या व्यवस्थेने एक गोष्ट गृहीत धरली आहे. सर्व विद्यार्थी पहिल्या दिवशी हजर असतात, हे ते गृहीतक होय. प्रवेशप्रक्रियेचे आजचे स्वरूप पाहता ते वस्तुस्थितीला धरून नाही. जो सर्वांत उशिरा येतो त्यालाच बहुधा आधाराची गरज सर्वाधिक असते, आणि तो येईपर्यंत स्वागताचा मंडप उतरवलेला असतो.

प्रश्नाची व्याप्ती लक्षात यावी म्हणून काही आकडे पाहणे उचित ठरेल. उच्च शिक्षणविषयक अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ या वर्षी देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांत २ कोटी ७ लाख विद्यार्थिनी होत्या. अनुसूचित जातींचे ६६ लाख, अनुसूचित जमातींचे २७ लाख आणि इतर मागासवर्गांचे १ कोटी ६३ लाख विद्यार्थी होते. यांतील अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले दुसरे कोणी नसते. एकेकाळी महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला मोठा भाऊ, मामा किंवा शेजारचे मास्तर यांच्याकडून जी माहिती आपोआप मिळत असे, ती या विद्यार्थ्यांना संस्थेनेच द्यावी लागते. हजेरीची अट काय, अंतर्गत गुण म्हणजे काय, ग्रंथालयाचे ओळखपत्र कोठे मिळते, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, या गोष्टी ज्याला माहीत आहेत त्याला त्या क्षुल्लक वाटतात. ज्याला माहीत नाहीत त्याचे कधी कधी वर्ष जाते.

नव्या विद्यार्थ्याचे स्वागत हा विषय आपल्या नियमपुस्तकात आला तो मात्र शिक्षेच्या प्रकरणातून. तामिळनाडूने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदे केले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा वरिष्ठांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि देश हादरला. त्याच वर्षी जूनमध्ये आयोगाने आपले विनियम जारी केले. त्या वेळी आयोगाचे अध्यक्षपद प्रा. सुखदेव थोरात यांच्याकडे होते.

हे विनियम सामान्यतः केवळ शिक्षेसाठी ओळखले जातात. विद्यार्थी आणि पालक यांनी लिहून द्यायचे हमीपत्र, चोवीस तासांची मदतवाहिनी, निलंबन, फौजदारी गुन्हा एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. प्रत्यक्षात त्यांतील सर्वांत दूरदर्शी तरतुदी वेगळ्या आहेत. दर सहा नवागतांमागे एक विद्यार्थी-मार्गदर्शक असावा, आणि अशा सहा मार्गदर्शकांमागे वरच्या वर्गातील एक मार्गदर्शक असावा, असे त्यांत म्हटले आहे. शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची निनावी पाहणी करावी, असेही बंधन त्यांत आहे. संस्थेत पाऊल ठेवताच विद्यार्थ्याच्या हाती एक छापील पत्रक द्यावे आणि मदतीसाठी कोणाकडे जायचे ते त्यात दूरध्वनी क्रमांकासह लिहिलेले असावे, ही तरतूदही आहे. हमीपत्र अर्जदाराला ज्ञात असलेल्या प्रादेशिक भाषेत असू शकते, एवढा बारकावा त्या मसुदाकारांनी सांभाळला होता.

आज किती महाविद्यालयांत अशी पंधरवड्याची पाहणी होते, हे कोणत्याही प्राचार्यांना विचारून पाहावे. हमीपत्रे मात्र सर्वत्र न चुकता भरून घेतली जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात पदवीच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थी वसतिगृहात राहायला आल्यानंतर काही दिवसांतच बाल्कनीतून पडून मृत्युमुखी पडला, आणि रॅगिंगचे आरोप होऊन अनेकांना अटक झाली. नियम चौदा वर्षे जुने झाले होते. कागद पूर्ण असणे आणि नवागताची विचारपूस होणे यांतील अंतर किती असू शकते, याचे ते उदाहरण आहे.

रॅगिंग रोखण्यापुढे जाऊन स्वागताचा स्वतंत्र विचार झाला तो तंत्रशिक्षणात. गांधीनगर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०११ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी पाच आठवड्यांचा पायाभरणी कार्यक्रम सुरू केला. वाराणसीच्या संस्थेनेही अशाच धर्तीवर प्रयोग केला. या अनुभवांच्या आधारे तंत्रशिक्षण परिषदेने २०१७-१८ पासून सर्व अभियांत्रिकी महाविद्यालयांना तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम सांगितला. या काळात नेहमीचे तास घ्यायचे नाहीत. व्यायाम, एखादी कला, मानवी मूल्यांवर छोट्या गटांत चर्चा, परिसराची ओळख, भाषेची उजळणी असा दिवसभराचा क्रम ठेवायचा. सुमारे वीस विद्यार्थ्यांचा एक गट आणि त्याचा एक अध्यापक-मार्गदर्शक, आणि हे नाते पदवी मिळेपर्यंत टिकवायचे, अशी ती कल्पना होती. आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने तिचा विस्तार सर्व विद्याशाखांसाठी केला. वैद्यकीय शिक्षणातही २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमासोबत एक महिन्याचा पायाभूत अभ्यासक्रम आला आणि त्यात स्थानिक भाषेची ओळख समाविष्ट करण्यात आली. अखिल भारतीय कोट्यातून बिहारमधील विद्यार्थी लातूरला आला, तर रुग्णाला कोठे दुखते हे त्याला मराठीतूनच विचारावे लागणार, ही जाणीव त्यामागे होती.

कल्पना म्हणून यात नाव ठेवण्यासारखे फारसे काही नाही. अडचण येते ती दिनदर्शिकेची.

केंद्रीय विद्यापीठांसाठी सामाईक प्रवेश परीक्षा २०२२ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी निकाल सप्टेंबरच्या मध्यावर लागला आणि दिल्ली विद्यापीठाचे प्रथम वर्षाचे वर्ग २ नोव्हेंबरला सुरू झाले. पुढे परिस्थिती सुधारली. २०२३ मध्ये वर्ग १६ ऑगस्टला, २०२४ मध्ये २९ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये १ ऑगस्टला सुरू झाले. ही प्रगती नोंद घेण्याजोगी आहेच. तथापि वर्ग सुरू होण्याचा दिवस आणि प्रवेश संपण्याचा दिवस हे दोन वेगळे दिवस असतात. जागा रिक्त राहतात, त्यासाठी आणखी फेऱ्या होतात आणि विद्यार्थी त्यानंतरही काही आठवडे येत राहतात. वर्ग उशिरा सुरू झाला की सत्रान्त परीक्षेची तारीख मात्र सहसा त्या प्रमाणात पुढे जात नाही. मग अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत पहिली कात्री लागते ती परिचय कार्यक्रमाला. तीन आठवड्यांचे तीन दिवस होतात, तीन दिवसांची एक सकाळ होते. त्या सकाळी दीपप्रज्वलन, प्राचार्यांचे भाषण, प्रमुख पाहुण्यांचे भाषण आणि आभारप्रदर्शन होते. अहवालात ‘दीक्षारंभ संपन्न’ अशी नोंद होते आणि सोबत छायाचित्रे जोडली जातात.

वैद्यकीय प्रवेशांचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०२४ मध्ये प्रथम वर्षाचे वर्ग १ ऑक्टोबरपासून सुरू झाले. देशभरात जागा रिक्त राहिल्याने सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये विशेष फेरीस परवानगी दिली आणि प्रवेशाची मुदत ३० डिसेंबरपर्यंत वाढवली. अमूल्य जागा वाया जाऊ नयेत हा त्यामागील हेतू निःसंशय योग्य होता. परंतु त्या फेरीतून आलेला विद्यार्थी वर्गात बसला तेव्हा शरीररचनाशास्त्राचे तीन महिने झालेले होते, पायाभूत अभ्यासक्रम संपून गेला होता आणि मित्रांचे गट केव्हाच जुळले होते. त्याला स्थानिक भाषेचे तास कोणी दिले असतील का, याची कल्पना करता येते.

उशिरा कोण येतो, हाही प्रश्न विचारायला हवा. काही जण अधिक चांगल्या संस्थेची वाट पाहत थांबलेले असतात, हे खरे आहे. त्यांची काळजी करण्याचे कारण नाही. इतरांचे कारण बहुधा पैसे असते, किंवा कागद असतो. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत हाती न पडल्यामुळे तिष्ठत राहिलेले विद्यार्थी महाराष्ट्रात दरवर्षी दिसतात. शुल्काची जुळवाजुळव होईपर्यंत फेरी निघून जाते. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत जागा मिळाली, पण १७,५०० रुपयांचे शुल्क भरण्याची वेळ अवघ्या काही मिनिटांनी हुकली. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने ३० सप्टेंबर रोजी आपले विशेष अधिकार वापरून त्याला अतिरिक्त जागेवर प्रवेश देण्याचा आदेश दिला. असा गुणवान विद्यार्थी वाऱ्यावर सोडता येणार नाही, अशी त्यामागील भावना होती. देशभर त्या निर्णयाचे स्वागत झाले. त्या मुलाची बातमी झाली म्हणून संस्थेचे त्याच्याकडे लक्ष असणार. ज्यांची बातमी होत नाही असे कितीतरी विद्यार्थी सत्र सुरू झाल्यावर हातात पावती घेऊन कार्यालयाच्या खिडकीपाशी उभे असतात, आणि वर्ग कोणत्या मजल्यावर आहे हेही त्यांना शिपायालाच विचारावे लागते.

याचे परिणाम कोठे दिसतात? डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि भारतीय व्यवस्थापन संस्था यांतून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांचे साडेतेरा हजारांहून अधिक विद्यार्थी शिक्षण मध्येच सोडून गेले. विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात आणि ते एका संस्थेतून दुसरीकडे जातात, असे स्पष्टीकरण सरकारने दिले. ते काही अंशी ग्राह्य आहे. परंतु पर्याय म्हणून किती जण गेले आणि जमले नाही म्हणून किती जण गेले, हे त्या आकड्यांतून कळत नाही. सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याला कारण विचारून त्याची नोंद ठेवण्याची पद्धत असती, तर हा वाद एका ओळीत मिटला असता. दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. यांत शालेय विद्यार्थीही आहेत आणि कारणे अनेक आहेत. प्रत्येक घटनेचा संबंध महाविद्यालयातील पहिल्या दिवसांशी जोडणे चुकीचे ठरेल. तरीही हा आकडा दृष्टिआड करता येत नाही.

भाषेचा प्रश्न स्वतंत्र विचार करण्याजोगा आहे. मराठी, हिंदी, तमिळ किंवा ओडिया माध्यमातून बारावीपर्यंत आलेला विद्यार्थी इंग्रजीतून शिकवणाऱ्या वर्गात बसतो, तेव्हा त्याला विषय कळत नाही असे अध्यापकांना वाटते आणि कालांतराने त्याला स्वतःलाही तसेच वाटू लागते. वास्तविक त्याला विषयाचे नाव ओळखीचे नसते, एवढेच. त्वरण, संवेग, विस्थापन हे शब्द ज्याने पक्के केले आहेत त्याला त्यांची इंग्रजी नावे शिकण्यास काही आठवडे पुरतात. ते आठवडे त्याला देणे हेच परिचय कार्यक्रमातील भाषेच्या तासांचे प्रयोजन आहे. तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून काही महाविद्यालयांना मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची परवानगी दिली, हे स्वागतार्ह पाऊल आहे. पण नजीकच्या काळात बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजी वर्गांतच बसणार आहेत, आणि त्यांच्यासाठी दोन भाषांतील पारिभाषिक शब्दांची वीस पानांची पुस्तिकासुद्धा मोठे काम करील. असे काम करणाऱ्या अध्यापकाला त्याचे श्रेय मिळेल अशी सोय मात्र आपल्या मूल्यमापनात क्वचितच असते.

वर्गाबाहेरची भाषा आणखी निराळी. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यावर तो विषय डोक्यावर घेऊन पुढच्या वर्गात जाणे याला मुंबई-पुण्याकडे ‘केटी’ म्हणतात, उत्तरेत ‘बॅक’ म्हणतात, तामिळनाडूत ‘अरिअर’ आणि केरळात ‘सप्ली’. चारही शब्द इंग्रजीचेच, पण एका राज्याचा विद्यार्थी दुसऱ्या राज्यात गेला की त्याला काही कळेनासे होते. शिक्षणसंस्था आपल्या नियमावलीत यांपैकी एकही शब्द वापरत नाही. तेथे वेगळीच, न्यायालयीन थाटाची भाषा असते. नवा विद्यार्थी या दोन भाषांच्या मध्ये उभा असतो.

राज्याबाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रश्न केवळ भाषेचे नसतात. जम्मू-काश्मीरच्या विद्यार्थ्यांना अन्य राज्यांत शिकता यावे म्हणून पंतप्रधान विशेष शिष्यवृत्ती योजना २०११ पासून राबवण्यात येत आहे. ईशान्येकडील राज्यांतून दिल्ली, बंगळुरू, पुणे येथे येणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. दिल्लीत २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील एका तरुण विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा केंद्राने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. घर भाड्याने देताना होणारी चौकशी, खाण्यावरून आणि चेहऱ्यावरून होणारी शेरेबाजी यांचा अनुभव ही मुले पहिल्या महिन्यातच घेतात. महाविद्यालयाचा परिचय कार्यक्रम प्रवेशद्वाराच्या आत होतो आणि त्यांची परीक्षा बाहेरच्या गल्लीत असते. आतही भेदभाव नसतो असे नाही. प्रा. थोरात यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी २००७ मध्ये दिलेल्या अहवालात, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात आणि वर्गात वेगळे पाडले जात असल्याचे नमूद केले होते. आयोगाने २०१२ मध्ये यासंबंधी समतेचे विनियमही केले.

वसतिगृहाचे महत्त्व महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नसावी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. खेड्यातला मुलगा शहरातील शाळेत टिकायचा असेल, तर फी माफ करून भागत नाही, त्याच्या जेवणाची, झोपण्याची आणि पाठीवर हात ठेवणाऱ्या माणसाची सोय करावी लागते, हे दोघांनीही ओळखले होते. आज सरकारी वसतिगृहाची यादी महाविद्यालयातील प्रवेशानंतर लागते. जागा न मिळालेल्यांसाठी महाराष्ट्रात स्वाधारसारख्या योजना आहेत, पण रक्कम खात्यात जमा होईपर्यंतचे महिने विद्यार्थ्याला कोणाच्या तरी खोलीवर पाहुणा म्हणून काढावे लागतात. जुळवून घेण्याचे सारे मार्गदर्शन त्याच महिन्यांत द्यायचे असते, आणि त्या वेळी त्याचे चित्त रात्रीच्या जेवणात गुंतलेले असते.

महाराष्ट्रापुरती आणखी एक गोष्ट येथे सांगायला हवी. आपल्याकडे ‘कॉलेज’ अकरावीपासूनच सुरू होते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आणि पहिल्याच वर्षी वेळापत्रक वारंवार बदलले गेले. खेडे सोडून शहरात येणारा सोळा वर्षांचा विद्यार्थी खरा येथे बावरतो. परंतु तो उच्च शिक्षणाच्या कक्षेत येत नसल्यामुळे दीक्षारंभ त्याच्यासाठी नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने या प्रश्नात एक नवे परिमाण आणले आहे. पूर्वी विद्यार्थी शाखा निवडत असे, मग पुढचे बरेचसे ठरलेले असे. आता पहिल्याच सत्रात त्याला मुख्य विषय, दुय्यम विषय, अन्य विद्याशाखेतील विषय, कौशल्याचा अभ्यासक्रम, मूल्यवर्धनाचा अभ्यासक्रम आणि भाषा यांची जुळणी करावी लागते. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी १६० श्रेयांक, त्यांची श्रेयांक पेढीतील नोंद, हे सारे त्याने समजून घ्यायचे असते. स्वातंत्र्य वाढले आहे, यात शंका नाही. पण निवड करण्याचे स्वातंत्र्य हे निवड समजावून सांगणारे कोणी असेल तरच उपयोगाचे. अन्यथा मित्राने घेतला म्हणून किंवा त्या तासाला वर्ग रिकामा आहे म्हणून विषय घेतला जातो. शेवटच्या फेरीत आलेल्याला तर जे विषय उरले असतील तेच मिळतात.

याच धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. त्यासाठी ४० श्रेयांक आणि उन्हाळ्यातील चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. ज्याला नोकरी लागली किंवा घरच्या अडचणीमुळे थांबावे लागले त्याच्या हाती काही तरी पडावे, हा हेतू चांगला आहे. मात्र यापुढे पहिल्या वर्षी गळालेला विद्यार्थी आणि विचारपूर्वक बाहेर पडलेला विद्यार्थी यांची गणती एकाच रकान्यात होण्याचा धोका आहे. संस्थेला आपले अपयश दिसेनासे करण्याची ही सोय ठरू नये, यासाठी बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाशी बोलणे आणि कारण नोंदवणे अनिवार्य करावे लागेल.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या विषयात दोनदा लक्ष घातले. मार्चमध्ये न्यायालयाने उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. जुलैमध्ये दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहतील असे सांगितले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, आणि परीक्षेच्या तसेच शैक्षणिक स्थित्यंतराच्या काळात छोट्या गटांसाठी मार्गदर्शक नेमावेत, असे त्यांत म्हटले आहे. स्थित्यंतराचा स्वतंत्र उल्लेख न्यायालयाने केला, ही महत्त्वाची बाब आहे. याशिवाय ‘टेली-मानस’ ही राष्ट्रीय मदतवाहिनी २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तीवर भारतीय भाषांतून बोलता येते.

समुपदेशकाचे पद निर्माण करणे त्या मानाने सोपे आहे. मार्गदर्शक अध्यापकाचे काय? वीस विद्यार्थ्यांशी चार वर्षे नाते टिकवायचे तर अध्यापक चार वर्षे त्या संस्थेत असायला हवा. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापक वाहत आहेत. त्यांची नेमणूक सत्रापुरती किंवा वर्षापुरती असते आणि मानधन घेतलेल्या तासांवर ठरते. विद्यार्थ्याची विचारपूस करण्याचा तास त्यात मोजला जात नाही. अशा अध्यापकाकडे स्वतःच्या पुढच्या वर्षाची शाश्वती नसताना त्याने नवागताला धीर द्यावा, अशी अपेक्षा आपण बाळगतो. अनेक जण तो देतातही. पण कोणाच्या चांगुलपणावर राष्ट्रीय योजना चालवता येत नाही.

जे लगेच करता येण्याजोगे आहे ते फारसे खर्चिक नाही. परिचय कार्यक्रमाची तारीख वर्ग सुरू होण्याच्या दिवसाशी न बांधता त्याचा एक भाग प्रवेशाची अंतिम मुदत संपल्यानंतरच्या आठवड्यासाठी राखून ठेवावा. ग्रंथालयाची ओळख, परीक्षेचे नियम, विषयनिवड, शिष्यवृत्ती हे भाग दोनदा झाले तरी कोणाचे नुकसान होत नाही. उलट ज्याने पहिल्यांदा ऐकले होते त्यालाही दुसऱ्यांदा ऐकताना प्रश्न सुचतात. सहा नवागतांमागे एक विद्यार्थी-मार्गदर्शक ही २००९ ची तरतूद अमलात आणायला निधी लागत नाही. त्या मार्गदर्शकाला स्वतःचे श्रेयांक मिळाले, तर स्वयंसेवकही मिळतील. आणि आयोगाने अहवाल मागवताना कार्यक्रम किती दिवस चालला, किती पाहुणे आले, हे विचारण्यापेक्षा शेवटच्या फेरीतून किती विद्यार्थी आले आणि त्यांपैकी कितीजण दुसऱ्या सत्रात हजर होते, हे विचारावे. या दोन संख्या प्रत्येक महाविद्यालयाच्या हजेरीपटात आधीपासूनच असतात.

हा प्रश्न यापुढे अधिक तातडीचा होणार आहे. वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी अशा दोन वेळी प्रवेश देण्याची मुभा विद्यापीठांना असेल, असे आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केले. बोर्डाच्या निकालात किंवा आजारपणात ज्यांची पहिली संधी हुकली त्यांचे वर्ष त्यामुळे वाचेल. मात्र जानेवारीत आलेला विद्यार्थी ज्या आवारात पाऊल ठेवील, तेथे त्याच्याखेरीज सर्वांना सर्वांची नावे ठाऊक असतील. ज्या विद्यापीठांनी ही मुभा घेण्याचे ठरवले आहे, त्यांना आपल्या शैक्षणिक वेळापत्रकात दुसऱ्या दीक्षारंभाच्या तारखा प्रवेशाची जाहिरात देण्यापूर्वीच लिहाव्या लागतील.